खोडरबराचा धंदा

२०२२ च्या पावसाळ्यात भोसरीतल्या, मोल्ड बनवणाऱ्या एका टूलरूमच्या मालकांना मी चार लॅपटॉप वर्कस्टेशनबद्दल सल्ला दिला. तो चुकला. सल्ल्याची फी घेतली होती, ती कधीच खर्चून झाली. चूक तेवढी अजून माझ्याकडे शिल्लक आहे, ती आज मांडतो.

माझा धंदा लहान. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधली पंधरा-वीस ऑफिसं, दोन-तीन डिझाइनवाले, काही कारखाने. त्यांच्या मशीनची वर्षभराची देखभाल करायची, आमच्या भाषेत एएमसी. नवीन खरेदी निघाली की मालक कोटेशन माझ्याकडे सरकवतात, ‘बघा जरा, टोपी तर घालत नाहीत ना?’ त्यामुळे मोठ्या कंपन्यांची नवी मॉडेलं बाजारात आली की ती वाचणं हे ओघानं आलंच. पण वाचायची माझी एक खोड होती. प्रोसेसर, ग्राफिक्स, स्क्रीन यांची पानं ओलांडून मी थेट सर्व्हिस मॅन्युअल उघडायचो आणि मागचं झाकण काढल्यावर काय दिसतं ते बघायचो. रॅमचे स्लॉट दिसले, त्यातला एखादा मोकळा दिसला, की मशीन चांगलं. रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असली की कंपनी चोर. तिसरा प्रकार नव्हता.

‘चोर’ हा शब्द मी उगाच तोंडात ठेवलेला नव्हता. १९९९ साली, नवा नवा असताना, कर्वे रोडवरच्या एका सीएच्या ऑफिसात एका बड्या कंपनीचा डेस्कटॉप बंद पडला. कंपनी कोणती ते सोडा, डेल नव्हे. पॉवर सप्लाय गेला होता. सुट्या भागांच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, नवा आणला, कनेक्टर चपखल बसला, मी बटण दाबलं आणि मदरबोर्डातून धूर निघाला. कनेक्टर बाजारात मिळतो तसाच, फक्त आतल्या तारांचा क्रम कंपनीनं स्वतःचा ठेवलेला. दुसऱ्याकडून माल घेणाऱ्याला अद्दल घडावी म्हणूनच जणू. बोर्डाचे पैसे मी तीन हप्त्यांत फेडले. तेव्हापासून कुठल्याही कंपनीनं ‘आमचा खास आकार’ म्हटलं, की माझ्या नाकात तो धूर जातो.

आणि दुसरीकडे होता खोडरबर. तपकीर गल्लीत ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी पहिल्या दिवशी मला स्क्रू ड्रायव्हर दिला नाही, शाळेतला पांढरा खोडरबर दिला. मशीन चालू होत नाही, नुसतं बीप-बीप करतंय? रॅमची पट्टी काढ, तिच्या कडेचे सोनेरी दात खोडरबरानं घास, फुंकर न मारता कापडानं पूस, तिरकी घाल, खाली दाब, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्‌ म्हणाल्या की झालं. निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटत. ग्राहकाला वाटे जादू, मला मिळत व्हिजिटचे पैसे. पंचवीस वर्षांत पट्ट्या बदलल्या, डीडीआर एकाची पाच झाली, खोडरबर तोच. ज्या मशीनमध्ये माझ्या खोडरबराला जागा नाही ते मशीन ग्राहकाचं नाही, ते कंपनीचंच, असं माझं तत्त्वज्ञान तयार झालं होतं. धंद्यालाही ते सोयीचं होतं, हे तेव्हा कबूल केलं नसतं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये डेलनं प्रिसिजन ७६७० आणि ७७७० ही लॅपटॉप वर्कस्टेशनं जाहीर केली. मी नेहमीप्रमाणे झाकणाखाली डोकावलो, तर स्लॉट नाहीत आणि सोल्डरही नाही. तिथे होती एक सपाट पाटी, स्क्रूंनी आवळलेली. तिचं नाव कॅम. डेलचेच इंजिनिअर टॉम श्नेल यांनी काढलेला रॅमचा नवा आकार. पेटंट डेलची, त्या वेळी मिळणार फक्त डेलकडे. मला आणखी काय हवं होतं?

टूलरूमवाल्यांच्या टेबलावर त्याच मॉडेलचं कोटेशन होतं. मी त्यांना एक गोष्ट ऐकवली, आणि गोष्ट खरी आहे. मायकल डेल यांनी १९८४ साली धंदा सुरू केला तो टेक्सासमधल्या ऑस्टिनला, विद्यापीठात शिकताना, राहत्या खोलीतून, हजार डॉलरवर. काय विकत होते? दुसऱ्यांच्या पीसीत जादा मेमरी, जादा डिस्क घालून ते वाढवून द्यायचे. म्हणजे माझाच धंदा! ‘आणि आता बघा साहेब,’ मी म्हणालो, ‘ज्या दारातून स्वतः आत आला त्याच दाराला कुलूप. उद्या रॅम वाढवायची तर ते म्हणतील ती किंमत.’ त्यांना पटलं. त्यांनी दुसऱ्या कंपनीची चार मशीन घेतली, प्रत्येकात रॅमचे चार स्लॉट, सोळा जीबीच्या दोन पट्ट्या घातलेल्या, दोन स्लॉट मोकळे. ‘पुढे लागली की टाकू, तोवर स्वस्त होईल.’ हे वाक्य मी त्या वीस-पंचवीस वर्षांत किती वेळा उच्चारलं असेल!

वर्षभरानं लागली. मोल्डच्या असेंब्ल्या मोठ्या झाल्या होत्या. मी आठ पट्ट्या आणल्या, चारही मशीनचे मोकळे स्लॉट भरले, क्लिपा टक्‌ म्हणाल्या, ३२ चे ६४ जीबी झाले. चहा झाला. दोन दिवसांनी तिथल्या डिझाइनरचा फोन. मोठ्या फायली आता उघडतात, पण जुनं एक अ‍ॅनालिसिस, जे आधी व्यवस्थित चालायचं, ते आता जास्त वेळ घेतंय. असं कसं होईल? रॅम वाढली की मशीन सुसाट, हे तर बालवाडीतलं ज्ञान. गेलो. माझ्याकडे शिकायला असलेल्या पोरानं टास्क मॅनेजर उघडला, मेमरीच्या पानावर वेगाच्या आकड्यावर बोट ठेवलं. ‘सर, ४८०० होतं ना?’ तिथे ४००० लिहिलेलं होतं.

त्या संध्याकाळी मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. बायॉस धुंडाळला. पट्ट्यांची अदलाबदल केली. खोडरबरानं घासल्या, नव्या कोऱ्या पट्ट्या! शेवटी मॅन्युअलच्या एका तक्त्याखाली बारीक अक्षरात सापडलं. दोन स्लॉट भरले तर ४८००, चारही भरले तर ४०००. बिघाड नव्हताच. मशीन ज्या नियमानं बांधलं होतं त्याच नियमानं चालत होतं.

खरी मेख पुढे आहे. त्याच महिन्यात मी एका कॉलेजसाठी सर्व्हरचं कोटेशन तपासलं होतं, डेलचाच पॉवरएज आर ७६०. त्याला रॅमचे ३२ स्लॉट असतात. मी त्यांना मोठ्या दिमाखात लिहून दिलं होतं की स्लॉट ३२ असले तरी १६ च भरा, मोठ्या पट्ट्या घ्या. १६ भरल्या तर वेग ४८००, सगळे भरले तर ४४०० वर उतरतो. प्रोसेसरकडून रॅमकडे जाणाऱ्या एका मार्गावर, म्हणजे एका चॅनलवर, एकच पट्टी बरी. हे ज्ञान मी विकलं होतं. सर्व्हरच्या बाबतीत मला हा नियम तोंडपाठ होता, आणि तोच नियम लॅपटॉपलाही लागू असेल हे डोक्यातच आलं नाही. सर्व्हरची ही जात मला मुळात प्रामाणिक वाटते. झाकणाला निळ्या खुणा, जिथे हात लावायचा तिथे; चालू मशीनमधून काढता येणाऱ्या भागांना विटकरी खुणा. जुन्या पॉवरएजच्या, दुरून सर्व्हर सांभाळायच्या रिमोट कार्डाचा कारखान्यातून येणारा पासवर्ड सगळ्या जगाला पाठ होता, कॅल्विन. इतकी उघडी वस्तू. त्यामुळे सर्व्हरनं नियम सांगितला की मी तो भौतिकशास्त्र म्हणून मानायचो, लॅपटॉपनं सांगितला की लबाडी म्हणून.

मग बसलो आणि आकडे मांडले. ४८०० च्या पुढचा, ६४०० चा वेग घेतला. त्या वेगाला एका तारेवरून सेकंदाला ६४० कोटी बिट जातात. एका बिटाच्या वाट्याला जेमतेम १५६ पिकोसेकंद येतात. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेतून सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. म्हणजे १५६ पिकोसेकंदांत सव्वादोन सेंटिमीटरच्या जरा वर, अंगठ्याच्या पेराएवढं अंतर. एक बिट म्हणजे तांब्यावरून सरकणारं एक पेर, आणि प्रोसेसरपासून रॅमपर्यंतची रेघ कित्येक पेरं लांब. पहिलं टोकाला पोचायच्या आत मागे आणखी काही निघालेली असतात. आता त्याच रेघेवर एकाऐवजी दोन स्लॉट ठेवले, की मध्ये एक फाटा फुटतो. फाट्यावर सिग्नल थोडा आपटून मागे येतो. विहिरीत तोंड घालून बोलावं तसं आहे हे. शब्द घुमून परत येतो आणि पुढचा शब्द त्यात बुडतो. मग समोरच्याला कळावं म्हणून काय करतो आपण? सावकाश बोलतो. ४८०० चे ४००० होतात ते असे.

स्लॉटमध्ये तिरकी घालून दाबायची पट्टी, तिला म्हणतात एसओ-डिम. सुमारे पंचवीस वर्षं तिनं इमानानं काम केलं, पण हा आकार साधारण ६४०० च्या आसपास दमणार, असं श्नेल यांचं म्हणणं होतं. कॅममध्ये स्लॉट नाही, फाटा नाही. सगळ्या चिप एकाच सपाट पाटीवर, दोन्ही चॅनल तिच्यातच, आणि ती पाटी खालच्या बारीक पिनांवर वरून आवळलेली. रस्ता आखूड आणि सरळ. वर डेलच्या सांगण्याप्रमाणे जाडी एसओ-डिमच्या रचनेपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी. मी यातलं फक्त ‘पातळ’ एवढंच वाचलं होतं आणि म्हटलं होतं, आले फॅशनवाले.

तरीही ‘कुलूप’ हा माझा आक्षेप उभाच होता. तो २०२३ च्या डिसेंबरात पडला. मेमरीची मानकं ठरवणारी जेडेक नावाची संस्था आहे, ज्या संस्थेमुळे एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या मशीनमध्ये बसते. तिनं या आकाराचं मानक प्रसिद्ध केलं, कॅम-२ नावानं. आता तो कुणा एकाचा खास आकार राहिला नव्हता. आणि पुढच्याच वर्षी लेनोव्होनं, म्हणजे डेलच्या उभ्या स्पर्धकानं, थिंकपॅड पी-१ च्या सातव्या पिढीत त्याचाच धाकटा भाऊ बसवला, एलपीकॅम-२. इथे मी खरा गप्प झालो. एलपीडीडीआर ही कमी वीज खाणारी मेमरी तोवर लॅपटॉपात कायम बोर्डाला सोल्डर केलेलीच यायची. माझ्या यादीतली अव्वल चोर. तिला स्क्रूवर आणलं ते या आकारानं. ज्या गोष्टीसाठी मी भोसरीत भाषण ठोकलं होतं, ती गोष्ट मी ज्याच्याविरुद्ध भाषण ठोकलं त्यानंच केली.

पहिली कॅम हातात आली ती २०२४ मध्ये. एका डिझाइनवाल्यांनी मला न विचारता प्रिसिजन घेतलं होतं, बरं झालं. पंख्यात धूळ अडकली म्हणून उघडायला आलं. बॅटरी सोडवली, स्क्रू सैल केले, पाटी उचलली. जवळजवळ पत्त्याच्या पानाएवढी, काळी, आणि उलटी केली तर कडेला सोनेरी दात नाहीतच. त्याऐवजी पोटावर बारीक सोनेरी ठिपक्यांची रांगोळी, एकदम सरळ रांगांची. खाली बोर्डावर तशाच बारीक पिनांचं शेत. प्रोसेसरच्या सॉकेटसारखं. मी ती उजेडात धरून बघत होतो तेवढ्यात पोरानं सवयीनं खोडरबर पुढे केला. मी दचकलो. त्या पिनांत खोडरबराचा एक कण पडला असता तर? ‘ठेव तो,’ म्हणालो. त्यानं खिशात टाकला. पाटी परत ठेवली, स्क्रू आडवे-तिडवे थोडे थोडे आवळत आणले, गाडीचं चाक बसवताना आवळतो तसे. टक्‌ असा आवाज आलाच नाही. मशीन चालू होईपर्यंत माझा जीव वर-खाली, कारण बसलंय की नाही हे कानाला कळत नाही.

इथवर लिहिल्यावर कुणी म्हणेल, मग आता सगळं मान्य का? नाही. कॅम आजही तपकीर गल्लीत जाऊन मागितली तर दुकानदार तोंडाकडे बघतो. एसओ-डिमच्या दोन पट्ट्यांतली एक मेली तर दुसरीवर मशीन लंगडत का होईना चालतं, ग्राहकाचा दिवस भागतो. कॅमची पाटी गेली की सगळी रॅम एकदम गेली. आणि ‘वाढवणं’ हा प्रकारच संपला, आता बदलायचं, जुनी पाटी काढून मोठी घालायची. जुनीला गिऱ्हाईक कुठून आणू? हे तोटे खरे आहेत. फक्त ते तोटे आहेत, चोरी नव्हे.

सोल्डरबद्दलही मला थोडं मागे यावं लागलं, ते फ्रेमवर्कमुळे. ही कंपनी उभीच राहिली ‘तुमचं मशीन तुम्ही उघडा’ या एका वचनावर. तिनं २०२५ च्या फेब्रुवारीत डेस्कटॉप जाहीर केला, एएमडीच्या रायझन एआय मॅक्स प्रोसेसरवर, आणि रॅम सोल्डर केलेली! कंपनीचे प्रमुख निरव पटेल यांनी सांगितलं की सुटी मेमरी लावायचा मार्ग एएमडीबरोबर शोधून बघितला, पण २५६ बिट रुंदीच्या त्या मार्गावर सिग्नल शुद्ध राहीना. यांना चोर म्हणायला माझी जीभ वळेना. डेलनं त्याच वर्षी प्रो मॅक्स विथ जीबी-१० हा एनव्हिडियाच्या चिपवरचा हातात मावणारा डबा बाजारात आणला, १२८ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत सामाईक, अर्थात सोल्डर केलेली. तीही त्याच न्यायानं समजू शकतो. न समजणारी गोष्ट वेगळी आहे. ऑफिसातल्या साध्या कामाचा लॅपटॉप, आठ जीबी सोल्डर करून, एकही स्लॉट न ठेवता विकायचा. तिथे विहीरही नाही आणि प्रतिध्वनीही नाही, नुसता हिशोब आहे. त्याला मी अजून तोच जुना शब्द वापरतो.

नावांबद्दल बोलू नये, पण राहवत नाही. २०२५ च्या जानेवारीत डेलनं लॅटिट्यूड, प्रिसिजन, एक्सपीएस ही वर्षानुवर्षांची नावं मोडीत काढली. त्याजागी डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स, आणि वरच्या मॉडेलांच्या शेपटाला प्लस किंवा प्रीमियम. कोटेशन तपासताना मला बोट ठेवून वाचावं लागतं, लहानपणी पाढे वाचायचो तसं. पुढच्या जानेवारीत एक्सपीएस हे नाव परत आलं. मशीन मात्र नावाखाली दबलं नाही: डेल प्रो मॅक्सच्या १६ आणि १८ इंची प्लस मॉडेलांत कॅम-२ आहे आणि मेमरी २५६ जीबीपर्यंत जाते. पाच वर्षांपूर्वी एवढी मेमरी मी रॅकमधल्या सर्व्हरला लिहून देत होतो.

तर, टूलरूमवाले. त्यांचा फोन आता याच वर्षी, २०२६ मध्ये आला. चार जुनी मशीन ज्युनिअर पोरांना द्यायची, डिझाइनरना नवी घ्यायची. कोटेशन पाठवलं होतं. मी वाचलं, या वेळी पहिल्या पानापासून. म्हणालो, ‘कॅमवालं घ्या. आणि ६४ जीबी आत्ताच घालून घ्या.’

‘आत्ताच? दर वेळी तर म्हणता पुढे टाकू, स्वस्त होईल.’

स्वस्त होईल! गेल्या वर्षाच्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव असे चढले आहेत की सकाळचं कोटेशन संध्याकाळी दुकानदार मानत नाही. एआयच्या सर्व्हरांनी कारखान्यांचं उत्पादन ओढून घेतलं. मायक्रॉननं तर डिसेंबरात जाहीर केलं की किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रुशिअल हा ब्रँडच बंद करतो आहोत. त्याच ब्रँडच्या आठ पट्ट्या मी त्यांच्या चार मशीनमध्ये घातल्या होत्या. माझं ते जन्मभराचं वाक्यही गेलं.

हे सगळं त्यांना सांगितलं. मग कॅमचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, ४८०० आणि ४००० चं सांगितलं. मागच्या वेळी मी चुकलो हेही, थोडं भरभर. ते मोल्डवाले, मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस. शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हणजे डिझाइनर बोंबलत होता ते खरं होतं तर.’

‘हो.’

‘आणि तुम्ही तेव्हा मला अँटिव्हायरसचं काहीतरी सांगितलं होतं.’

ते मी विसरलो होतो. ते विसरले नव्हते. मी म्हणालो, ‘साहेब, या वेळची फी नको.’

‘फी घ्या हो,’ ते म्हणाले, ‘पण या वेळी लेखी द्या.’

दिलं. लेटरहेडवर, मराठीत, सहीशिक्क्यासकट. रॅमच्या ओळीखाली तारीख आणि त्या दिवशीचा भावही घातला.